हातोडा हरवला, तर बोकडाचं काय?

पत्राचा सारांश: कोल्हापूरकडच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३९, सरकारी कचेरीत पेन्शनच्या टेबलावर नोकरी. मुलगा लहान असताना त्याला जेवू घालताना रचलेली गोष्ट त्या तीन वर्षं लिहून काढत आहेत. थोर या नॉर्स, म्हणजे जुन्या उत्तर युरोपातल्या, देवाचा हातोडा चोरीला जातो आणि तो शोधायला चौघं निघतात. स्वतः थोर, लबाड लोकी, पेन्शनची फाइल अडकलेली एक निवृत्त वाल्किरी (रणांगणावर पडलेले वीर ओडिन देवासाठी निवडून नेणारी) आणि थोरच्या रथाचा एक लंगडा बोकड. १४० पानं झाली, मंडळी राक्षसांच्या मुलखात पोचली आणि गोष्ट तिथेच बसली. आठ महिने एक ओळ पुढे नाही. गावातल्या साहित्य मंडळात वाचन केलं तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "आपल्या पुराणांत काय कमी आहे, म्हणून तिकडे हात पसरायला गेलात?" एक बाई म्हणाल्या, परक्यांचे असले तरी देवच ते, थट्टा बरी नव्हे. आठवीतला मुलगा म्हणतो, "आई, थोर असा नसतोच." ताई विचारतात, "गंभीर पुराणात मी विनोद घुसडतेय का? सगळं आपल्या पुराणात आणून बसवू, की गठ्ठा रद्दीत घालू?" सोबत पहिली तीस पानं जोडली आहेत.

ताई,

तीस पानं वाचली. वाचताना तीनदा मोठ्यानं हसले आणि तिन्ही वेळा बोकड बोलत होता. एवढं डोक्यात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

आधी तुमच्या 'गंभीर पुराणा'चं बघू. हा शब्द पत्रात तुम्ही चार वेळा वापरलाय आणि दर वेळी माफी मागितल्यासारखा. तुमच्या गोष्टीचं मूळ ज्या कवितेत आहे ती थ्रिमची कविता तुम्ही पूर्ण वाचलीत का? मला वाटतं, सारांश वाचलाय. सारांशात एवढंच येतं की हातोडा चोरीला गेला आणि थोरनं नवरीचा वेश करून तो परत आणला. कविता वाचली असती, तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

थोर जागा होतो, चाचपतो, हातोडा नाही. दाढी थरथरायला लागते. लोकी फ्रेया देवीकडून पिसांचा पेहराव उसना घेऊन उडत जातो. तिकडे थ्रिम राक्षस टेकाडावर बसून आपल्या कुत्र्यांसाठी सोन्याचे पट्टे वळतोय. तो आढेवेढे घेत नाही. हो, मीच नेला, आठ कोस जमिनीखाली पुरलाय, फ्रेया बायको म्हणून द्या आणि घेऊन जा. लोकी परतल्यावर तो आणि थोर मिळून फ्रेयाला पहिलं वाक्यच असं ऐकवतात की नवरीचा साज चढव, निघायचंय. ती असा फुत्कार टाकते की देवांचं दालन हादरतं आणि तिच्या गळ्यातला हार तुटून पडतो. मग सभा भरते. देवांचा पहारेकरी हायमडाल सुचवतो की थोरलाच नवरी करून पाठवू. थोर म्हणतो, लोक मला बायल्या म्हणतील. लोकी म्हणतो, गप्प बस, हातोडा नाही आला तर उद्या इथे राक्षस राहायला येतील.

लग्नाच्या पंगतीत ही नवरी एक आख्खा बैल, आठ सामन मासे आणि बायकांसाठी वेगळं काढलेलं सगळं गोडधोड फस्त करते. वर मधाच्या मद्याची तीन पिंपं. थ्रिम चक्रावतो. करवली होऊन शेजारी बसलेला लोकी सांगतो, सासरच्या ओढीनं हिनं आठ रात्री अन्नाला हात लावला नाही हो. मग थ्रिम चुंबन घ्यायला पदर उचलतो आणि डोळे बघून दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे उडतो. लोकी सांगतो, आठ रात्री झोपलीही नाही.

आता सांगा, यात तुम्ही विनोद कुठे घुसडणार? जागा कुठे ठेवलीय?

ही कविता जिच्यात आहे ती मुख्य पोथी आइसलँडमध्ये १२७०च्या सुमारास लिहिली गेली. आज तिची ४५ पानं शिल्लक आहेत, मधली काही गहाळ. १६४३ मध्ये ती एका बिशपच्या हाती आली, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि १९७१ मध्ये जहाजानं परत आली तेव्हा रेकयाविकच्या बंदरावर लोकांची गर्दी लोटली होती. एवढ्या मानाच्या पोथीत हे पंगतीचं प्रकरण बसलेलं आहे. शिवाय आइसलँडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला इसवी सन १०००च्या आसपास. म्हणजे पोथी लिहिणाऱ्याच्या घरात अडीचशेहून अधिक वर्षं थोरची पूजा नव्हती. या कथा गद्यात नीट लावून ठेवणारा स्नॉरी स्टुर्लुसॉन हाही ख्रिस्तीच. मोठा राजकारणी माणूस, १२४१ मध्ये स्वतःच्या घराच्या तळघरात मारला गेला. त्याचे कुठे होते हे देव? खापरपणजोबांचे होते. दुसऱ्याच्या अंगणातली गोष्ट आवडली म्हणून सांगायला घेणारी तुम्ही पहिली नाही, ती लिहून ठेवणारेही थोडेफार तसेच.

मंडळातल्या बाईंचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. आइसलँडमध्ये १९७२ साली या जुन्या देवांना मानणाऱ्यांनी आपली संस्था काढली आणि पुढच्या वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. म्हणजे हे देव आज कुणाचे तरी आहेत. पण तुमचं हसणं आणि त्यांच्या पोथीतलं हसणं एकाच जातीचं आहे. आपल्याकडे नाही का, जनाबाई विठोबाला शिव्या घालते आणि तमाशाच्या गौळणीत मावशी वाट अडवणाऱ्या कृष्णाची फिरकी घेते? भक्ती कमी पडली म्हणून कुणी तसं करत नाही. तुमच्या पानांत थोर वेंधळा आहे, पण कुठेही तुच्छ नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. मुखपृष्ठावर रून लिपीतली अक्षरं आणि चिन्हं हौसेनं टाकू नका, कारण त्यातली काही नाझींनी उचलून नासवली आहेत. चित्रकाराला हे आधी सांगा. आणि शिरस्त्राणाला शिंगं काढू देऊ नका. व्हायकिंगांच्या डोक्यावर ती नव्हती, १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या ऑपेराच्या वेशभूषेतून ती लोकांच्या मनात घट्ट बसली.

ज्येष्ठांना काय सांगायचं? पुढच्या बैठकीत त्यांना एक गोष्ट ऐकवा. थोर राक्षसराजा उटगार्ड-लोकीच्या दरबारात जातो. राजा म्हणतो, आमच्याकडची पोरं गंमत म्हणून मांजर उचलतात, तू उचलून दाखव. थोर जोर लावतो, मांजर पाठीची कमान करतं, शेवटी फक्त एक पंजा जमिनीवरून सुटतो. मागाहून कळतं की ते मांजर नव्हतं, अख्ख्या पृथ्वीला वेटोळं घालून बसलेला सर्प होता. एवढं सांगून थांबा. ज्येष्ठ स्वतःच म्हणतील, अहो, ही तर भीमाची आणि मारुतीच्या शेपटीची गोष्ट! मग बकासुराचा गाडा आणि थोरची पंगत यांच्यावर तास जाईल आणि 'आपलं की त्यांचं' हा प्रश्न चहाबरोबर संपेल.

म्हणून नावं बदलून सगळं आपल्या पुराणात नेऊ का, तर नको. साधर्म्य वरवरचं आहे, खालची जमीन वेगळी. या देवांना माहीत आहे की शेवटच्या लढाईत आपण हरणार आहोत. थोर त्या सर्पाला मारणार आणि विष चढून नऊ पावलांत स्वतः पडणार, हे भाकीत आधीच झालेलं आहे. तरी तो रोज उठतो, रथ जुंपतो, राक्षसाच्या घरी जाऊन भांडी पळवतो. मद्य गाळायला कढई हवी म्हणून कोसभर खोल कढई डोक्यावर पालथी घालून निघालेला थोर, टाचांवर खुळखुळणाऱ्या तिच्या कड्या, आणि मागे नऊ पावलांचं ते भाकीत. हा रंग आपल्या देवांच्या लीलेत नाही. नावं बदललीत तर गोष्ट जगेल, पण रंग उडेल.

मुलाला म्हणावं, सिनेमातला थोर वेगळा. सागांतला, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांतला, लाल दाढीचा आहे आणि लोकी त्याचा भाऊबीऊ नाही. तो ओडिनचा, म्हणजे थोरच्या बापाचा, रक्ताची शपथ घेतलेला भाऊ. नात्यानं काकाच लागला. (तुमच्या पानांत लोकी थोरला 'दादा' म्हणतो. ते उलटं करून बघा, थोरनं लोकीला 'काका' म्हणावं. मला तरी जास्त हसू येईल.)

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. गोष्ट बसली का?

तुम्हाला वाटतंय विनोद आटले. पानं वाचून मला वाटतं, विनोद फार झाले. 'थोर' या शब्दावरची कोटी तीस पानांत अकरा वेळा आलीय. पहिली छान आहे, दुसरी चालेल, बाकीच्या नऊ मी तांबड्या पेनानं खोडल्या. वाल्किरीची अडकलेली फाइल हा झकास शोध आहे, तुमच्या टेबलाशिवाय तो कुणाला सुचणार नाही. पण हयातीचा दाखला मागणारा कारकून दर मुक्कामावर भेटायला लागला की वाचक त्याला ओळखून रस्ता बदलतो. तो एकदाच येऊ दे, आणि नको त्या वेळी.

थ्रिमच्या कवितेकडे पुन्हा बघा. तिथे कोटी करायला कुणी थांबत नाही. लोकीला नवरी वाचवायची आहे म्हणून तो थापा मारतो, थोरला भूक लागलीय म्हणून तो खातो. दोघेही आपापल्या कामात बुडालेले, हसतो तो फक्त ऐकणारा. नुसतं पुरुषानं लुगडं नेसलं म्हणून हसू यावं असं तिथे काही नाही, आणि आपल्याकडे तर ते मुळीच चालणार नाही. ज्या मुलखात बालगंधर्वांचं शालू नेसणं बघून बायका तसं नेसायला शिकल्या, तिथे लुगड्यावरचा विनोद दोन ओळींत संपतो.

तर माणसं आपल्या कामात बुडालेली हवीत, म्हणजे प्रत्येकाला काहीतरी हवं असलं पाहिजे. तुमच्या चौघांपैकी हातोडा खरोखर कुणाला हवाय? थोरची लाज गेलीय, ती तो वेश बदलून झाकेल. लोकीला मजा हवीय. वाल्किरीचं गाऱ्हाणं तर कचेरीशी आहे. राक्षस देवांच्या वस्तीत राहायला येतील ही भीती मोठी खरी, पण एवढ्या मोठ्या भीतीवर गोष्ट चालत नाही. तिला टोचणारा खडा लागतो.

आता बोकड. तुम्हाला माहीतच आहे की थोर प्रवासात रात्री रथाचे दोन्ही बोकड कापून शिजवतो, हाडं कातड्यावर टाकायला लावतो आणि सकाळी त्यांच्यावर हातोडा फिरवतो की दोघे उठून उभे. एका मुक्कामी शेतकऱ्याचा पोरगा थ्यालफी मगजासाठी मांडीचं हाड फोडतो. नळी फोडली हो! कोल्हापूरच्या माणसाला त्याचा मोह समजावून सांगायला नको. सकाळी एक बोकड लंगडत उठतो.

यात हातोड्याचं काम काय आहे, बघा बरं. हातोडा हरवला तर देवांची अब्रू जाईल, राक्षस शिरजोर होतील, हे सगळं पुढचं. आज संध्याकाळी कापलेला बोकड उद्या सकाळी उठणार नाही, हे आजचं. त्या शोधात जिवाची खरी बाजी लागलेला एकच प्राणी आहे आणि त्याला तुम्ही टोमणे मारायला रथामागून चालवलंय! तीस पानं तो हसवतोय, कारण घाबरलेला तो एकटाच आहे. तुमच्या हाताला हे कळलं होतं, फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं.

हातोडा गेला त्या रात्री बोकड शिजले नव्हते, हेही कवितेतून कळतंच. पुढे नवरीच्या रथाला जुंपायला दोघेही जिवंत हजर असतात आणि असे धावतात की डोंगर फुटतात, जमीन पेटते. अभ्यासक याला मेघगर्जनेच्या देवाचा रथ म्हणतील. मला तिथे आता दोन बोकड दिसतात, ज्यांना आपण का धावतोय हे नीट ठाऊक आहे.

आणखी एक घबाड आहे. पाय कुणी मोडला? स्नॉरी म्हणतो थ्यालफीनं. पण त्या कढईच्याच कवितेत दोष लोकीवर येतो. पोथ्यांचं एकमत नाही! बोकडाला हातोडा शोधता शोधता हाही हिशेब लावायचा असेल, आणि दोन्ही संशयित त्याच्याच सोबत चालत असतील, तर तुमची मधली पानं बसून राहणार नाहीत. (थ्यालफीला आणावं लागेल. वाल्किरीला रजेवर पाठवा, तिला सवय आहे.) दोघांपैकी कोणता बोकड लंगडा झाला हे स्नॉरी सांगत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

राक्षसांच्या मुलखात मंडळी अडकली आहेत, तर तिथे त्यांना सपाटून हरू द्या. उटगार्डच्या प्रवासात देवांचा एकही डाव साधत नाही. रात्री ज्या घरात झोपले तो सकाळी राक्षसाचा हातमोजा निघतो, बाजूची खोली म्हणजे त्याचा अंगठा. थोर झोपलेल्या राक्षसाच्या डोक्यात तीनदा हातोडा घालतो, तो पहिल्या वेळी विचारतो, पान पडलं का? दुसऱ्या वेळी, ओकचं फळ पडलं का? लोकी खाण्याच्या शर्यतीत ज्याच्यापुढे हरतो तो मांसाबरोबर हाडं आणि परातही खातो, कारण तो साक्षात अग्नी. थोरला कुस्तीत गुडघ्यावर आणणारी म्हातारी म्हणजे म्हातारपण. सगळं उलगडल्यावर थोर संतापून हातोडा उगारतो, तर समोर ना राजा ना किल्ला, नुसतं मोकळं माळरान.

बोकड मात्र या प्रवासाला गेलेच नाहीत. त्यांना शेतकऱ्याच्या घरी ठेवून थोर पुढे पायी गेला. अडचण वाटेल, पण उपयोग करून घ्या. परत आल्यावर थोर एक हकिगत सांगेल, लोकी दुसरी, थ्यालफी गुपचूप तिसरी. गोठ्यात बसलेला बोकड तिन्ही जुळवत राहील. हरलेली माणसं हरण्याची गोष्ट कशी सांगतात, हे पेन्शनच्या खिडकीत बसून तुम्ही जितकं ऐकलंय तितकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

बोकडाला एक मुक्काम वल्हाल्लाच्या, म्हणजे मेलेल्या वीरांसाठीच्या ओडिनच्या दालनाच्या, मुदपाकखान्यातही द्या. तिथे सेह्रिम्निर नावाचा डुक्कर रोज शिजतो आणि संध्याकाळी पुन्हा धडधाकट होतो. त्याला हातोडा लागत नाही. बोकड त्याला काय विचारेल, आणि तो मख्ख चेहऱ्यानं काय सांगेल, हे मला फार वाचायचं आहे.

अशा परक्या पुराणावर लिहायला बसलेल्या इतरांचीही पत्रं येतात, त्यांनाही हेच सांगते. सारांशावर आणि सिनेमावर लिहू नका, मूळ गाठा. एडा म्हणजे या कविता आणि स्नॉरीच्या गद्यकथा. त्यांचे जुने इंग्रजी अनुवाद, पद्याचा बेलोज यांचा १९२३चा आणि गद्याचा ब्रॉडर यांचा १९१६चा, भाषेला थोडे जड आहेत, पण गोष्ट पूर्ण देतात. नावं मराठी जिभेला जमतील अशी एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. तुमच्याकडे हातोडा पान चारवर 'म्योल्निर' आहे आणि पान वीसवर 'मोलनीर'. भाषा तुमच्या घरची राहू द्या, हवा त्यांची. बोकडानं कोल्हापुरी बोलावं, पण बर्फात उभं राहून.

मधली शंभर पानं सध्या बाजूला ठेवा, फाडू नका. या रविवारी एकच पान लिहा. हातोडा गेला त्या दिवसाची संध्याकाळ. लोकी पिसं अंगावर चढवून उडून गेलाय. थोर दिवसभर चिडून चिडून दमलाय आणि त्याला भूक लागलीय. चुलीवर आधण ठेवलेलं आहे. तो सुरी घासत गोठ्याच्या दिशेनं बघतो, सवयीनं, आणि सकाळी पुन्हा उठवता येणार नाही हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. बोकडाच्या आलंय.

तो काय बोलतो, ते मला कळवा.